पेशींमधल्या फटीतून काय जाईल, हे कोण ठरवते?

लहान आतड्याची पोकळी आणि आपले रक्त यांच्यामध्ये पेशींचा फक्त एक थर असतो. त्याची जाडी सुमारे २० मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग. थराच्या अलीकडे अर्धवट पचलेले अन्न, पाचकरस आणि जिवाणू असतात. पलीकडे रक्तवाहिन्या आणि निर्जंतुक राहायलाच हवा असा शरीराचा अंतर्भाग. एवढा पातळ थर जन्मभर हे काम करतो, तेही दर काही दिवसांनी आपल्या जवळजवळ सगळ्या पेशी बदलून, ही गोष्ट जितकी नीट पाहावी तितकी अधिक थक्क करते.

या थराला अभिस्तर ऊती म्हणतात. त्वचा, फुप्फुसे, मूत्रपिंडातील नलिका, मूत्राशय, यकृतातील पित्तवाहिन्या अशा सर्व ठिकाणी शरीराच्या एका भागाला दुसऱ्यापासून वेगळे ठेवणारा पडदा याच प्रकारच्या पेशींचा असतो, आणि रक्तवाहिन्यांच्या आतले अस्तरही त्याच तत्त्वावर चालते. पेशीभोवतीचे प्रद्रव्यपटल मेदाचे असल्यामुळे पाण्यात विरघळलेले क्षार किंवा साखर त्यातून आपोआप आत जात नाहीत. त्यांना पटलातील ठरावीक वाहक प्रथिनांमधूनच जावे लागते. म्हणजे पेशी स्वतःची राखण चांगली करते. प्रश्न उरतो तो दोन पेशींमधल्या फटीचा. शेजारच्या दोन पेशींमध्ये साधारण २० नॅनोमीटर अंतर असते आणि सोडिअमचा आयन भोवतीच्या पाण्यासह धरला तरी एका नॅनोमीटरपेक्षा लहान असतो. ही फट मोकळी राहिली, तर पेशींनी आपापली दारे कितीही सांभाळली तरी उपयोग नाही. दगडी भिंतीतले दगड उत्तम असूनही दरजा भरलेल्या नसतील तर पावसाळ्यात भिंत झिरपतेच, तशी ही गोष्ट आहे. मात्र पेशींच्या दरजा चुन्याने किंवा सिमेंटने कायमच्या बुजवलेल्या नसतात. त्या जिवंत प्रथिनांनी बांधलेल्या असतात, ती प्रथिने सतत बदलली जातात, आणि कोणत्या अवयवात काय झिरपू द्यायचे हे तीच ठरवतात. या लेखाचा विषय तेवढाच आहे, पण तो समजला की अनेक आजारांकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

१९६३ मध्ये मॅरिलिन फारक्वार आणि जॉर्ज पॅलाडी यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उंदीर आणि गिनीपिग यांच्या अनेक अवयवांतील अभिस्तर पेशींच्या कडा तपासल्या. दोन पेशी जिथे एकमेकींना टेकतात तिथे त्यांना वरून खाली ठरावीक क्रमाने येणारे तीन जोड दिसले. सर्वांत वर, म्हणजे पोकळीच्या बाजूला, दोन्ही पेशींची पटले जणू एकमेकांत मिसळून गेली आहेत असा पट्टा होता. त्याला टाइट जंक्शन म्हणतात. त्याच्या खाली ॲडहेरन्स जंक्शन आणि त्याखाली ठिपक्यांसारखे विखुरलेले डेस्मोसोम. हाच क्रम आतड्यात, मूत्रपिंडात आणि इतर अवयवांत पुन्हा पुन्हा आढळला. ढोबळमानाने सांगायचे तर फट बुजवण्याचे काम वरचा जोड करतो आणि पेशींना एकमेकींना घट्ट धरून ठेवण्याचे काम खालचे दोन जोड करतात. परंतु ही कामे एकमेकांवर अवलंबून आहेत, आणि क्रमाने पाहिले तर धरून ठेवण्याचे काम आधी येते.

ॲडहेरन्स जंक्शनमधले मुख्य प्रथिन कॅडहेरिन. त्याचा शोध ज्या तपशिलातून लागला तो सांगण्याजोगा आहे. १९७० च्या दशकात जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची काही काळ अमेरिकेतील कार्नेगी इन्स्टिट्यूशनच्या बाल्टिमोर येथील प्रयोगशाळेत काम करत होते. पेशींचा थर ट्रिप्सिन या विकराने सुटा करायचा आणि मग त्या पेशी पुन्हा एकमेकींना चिकटतात का ते पाहायचे, असा प्रयोग त्यांनी क्योतोमध्ये केलेला होता. बाल्टिमोरमध्ये मात्र पेशी चिकटेनात. दोन्ही ठिकाणच्या द्रावणांची तुलना केल्यावर फरक लक्षात आला : बाल्टिमोरच्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए हा कॅल्शिअम धरून ठेवणारा पदार्थ मिसळलेला होता. कॅल्शिअम असेल तर पेशींना जोडणारे प्रथिन ट्रिप्सिनला दाद देत नाही. कॅल्शिअम काढून घेतले की तेच प्रथिन ट्रिप्सिन कापून टाकते. आज याचे कारण रेणूंच्या पातळीवर माहीत आहे. कॅडहेरिनचा पेशीबाहेरचा भाग पाच सारख्या तुकड्यांचा असतो, आणि त्या तुकड्यांच्या सांध्यांत कॅल्शिअमचे आयन बसले की तो ताठ होऊन समोरच्या पेशीवरील कॅडहेरिनला धरू शकतो. कॅल्शिअम गेले की सांधे सैल पडतात, पकड सुटते आणि विकराला कापायला जागा मिळते. पेशीच्या आतल्या बाजूला कॅडहेरिनचे शेपूट कॅटेनिन नावाच्या प्रथिनांमार्फत ॲक्टिनच्या धाग्यांना जोडलेले असते, त्यामुळे एका पेशीचा सांगाडा शेजारच्या पेशीच्या सांगाड्याशी बांधला जातो. ही पकड बसल्याशिवाय वरचे टाइट जंक्शन नीट तयारच होत नाही.

डेस्मोसोममध्येही कॅडहेरिनच्याच कुळातली प्रथिने असतात. त्यांतील एक गट डेस्मोग्लीन. ती त्वचेत केराटिनच्या आणि हृदयात डेस्मिनच्या जाड धाग्यांना बांधलेली असल्यामुळे जिथे ताण आणि घर्षण जास्त, तिथे म्हणजे त्वचेत आणि हृदयाच्या स्नायूत डेस्मोसोम भरपूर असतात. ते निकामी झाले तर काय होते ते पेम्फिगस या त्वचारोगात उघड दिसते. रुग्णाची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच डेस्मोग्लीनविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, पेशी एकमेकींपासून सुटतात आणि फोड येतात. पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये हल्ला प्रामुख्याने डेस्मोग्लीन-३ वर होतो आणि तोंडाच्या आतील त्वचेची भिस्त याच प्रथिनावर असते. म्हणून बहुतेक रुग्णांत आजाराची सुरुवात तोंडातल्या न भरणाऱ्या जखमांनी होते. याउलट लहान मुलांमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचे एक विष फक्त डेस्मोग्लीन-१ कापते. त्या मुलांची कातडी भाजल्यासारखी सोलून निघते, पण तोंडाचा आतला भाग शाबूत राहतो, कारण तिथे डेस्मोग्लीन-३ पकड धरून असते. एकाच कुळातल्या दोन प्रथिनांपैकी कोणते गेले, यावर फोड कुठे येणार हे ठरते.

आता वरच्या पट्ट्याकडे वळू. पेशी गोठवून पटलाच्या मधोमध चिरण्याचे तंत्र आल्यावर टाइट जंक्शन हा सलग पट्टा नसून पेशीला वेढा घालणाऱ्या, एकमेकांत गुंतलेल्या दोऱ्यांची जाळी आहे असे दिसले. दोऱ्या ज्या प्रथिनांच्या बनल्या आहेत ती हाती यायला मात्र बराच काळ लागला. १९८६ मध्ये झेडओ-१ सापडले, पण ते पेशीच्या आत, पटलाला टेकून राहणारे प्रथिन निघाले. १९९३ मध्ये जपानमधील मिकिओ फुरुसे आणि शोइचिरो त्सुकिता यांच्या गटाला ऑक्ल्युडिन मिळाले. ते पटलातून आरपार जाणारे होते आणि दोऱ्यांमध्येच होते, त्यामुळे शोध संपला असे वाटले. परंतु ऑक्ल्युडिनचे जनुक काढून टाकलेल्या पेशींतही दोऱ्या व्यवस्थित तयार होत होत्या. म्हणजे मुख्य घटक दुसराच कोणीतरी होता. १९९८ मध्ये त्याच गटाने कोंबडीच्या यकृतातून वेगळ्या केलेल्या जोडांमध्ये दोन नवी प्रथिने शोधली आणि त्यांना क्लॉडिन-१ व क्लॉडिन-२ अशी नावे दिली. निर्णायक प्रयोग पुढचा होता. फायब्रोब्लास्ट या पेशींना टाइट जंक्शन नसतेच. त्यांच्यात फक्त क्लॉडिनचे जनुक घातले आणि ज्या दोऱ्या तिथे कधीच नव्हत्या त्या दोन पेशींच्या भेटीच्या जागी उमटल्या.

माणसात क्लॉडिनचे वीसहून अधिक प्रकार आहेत. प्रत्येक क्लॉडिन साधारण दोनशेच्या आसपास अमिनो आम्लांचे असते. ते पटलातून चार वेळा आरपार जाते, त्यामुळे त्याचे दोन फास पेशीबाहेर राहतात आणि शेपूट आत झेडओ-१ ला जोडले जाते. बाहेरचे फास समोरच्या पेशीवरील क्लॉडिनच्या फासांशी जुळतात आणि त्या जुळणीत अतिसूक्ष्म छिद्रे राहतात. छिद्राच्या कडेला कोणता विद्युत प्रभार आहे, यावर त्यातून काय जाणार ते ठरते. क्लॉडिन-२ मध्ये ६५ व्या जागी ॲस्पार्टिक आम्ल असते. त्याचा ऋण प्रभार सोडिअमसारख्या धन आयनांना वाट देतो. त्या एका अमिनो आम्लाचा प्रभार काढून टाकला की ही निवड क्षीण होते. सगळ्या क्लॉडिनांना अशी छिद्रे नसतात. काही फक्त बंद करण्याचे काम करतात.

हे मोजतात कसे, तेही समजून घेण्यासारखे आहे. सच्छिद्र पडद्यावर पेशींचा सलग थर वाढवतात, थराच्या वर आणि खाली विद्युतअग्रे ठेवतात आणि विद्युतरोध मोजतात. रोध जितका जास्त तितकी फट आयनांसाठी बंद. १९५८ मध्ये एका कॉकर स्पॅनिएल कुत्रीच्या मूत्रपिंडातून मिळवलेल्या पेशींचे एमडीसीके नावाचे वाण जगभर वापरले जाते, आणि त्याचे दोन उपप्रकार आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या दोऱ्या सारख्याच दिसतात, पण एकाचा रोध दुसऱ्याच्या कितीतरी पट. अनेक वर्षे हे कोडेच होते. २००१ मध्ये फुरुसे आणि सहकाऱ्यांनी जास्त रोध असलेल्या पेशींत क्लॉडिन-२ घातले, तेव्हा त्यांचा रोध कोसळला आणि त्या दुसऱ्या उपप्रकारासारख्या वागू लागल्या. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत बोलका प्रयोग आहे, कारण त्याने ‘दोऱ्या किती’ या प्रश्नाच्या जागी ‘दोऱ्या कशाच्या’ हा प्रश्न आणून ठेवला.

मूत्रपिंडात हा प्रश्न प्रत्यक्ष दिसतो. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत घेतात. नलिकेच्या पहिल्या भागात क्लॉडिन-२ असल्यामुळे तिथे पेशींमधल्या फटीतूनही सोडिअम आणि पाणी परत येते. पुढे हेन्लेच्या वळणाच्या जाड, वर चढणाऱ्या भागात क्लॉडिन-१६ आणि क्लॉडिन-१९ असतात, आणि गाळलेल्या मॅग्नेशिअमपैकी निम्म्याहून अधिक याच जागी, पेशींच्या आतून नव्हे तर मधल्या फटीतून, रक्तात परतते. १९९९ मध्ये असे दिसून आले की क्लॉडिन-१६ च्या जनुकात दोष असलेल्या मुलांच्या लघवीतून मॅग्नेशिअम आणि कॅल्शिअम वाहून जातात. रक्तातले मॅग्नेशिअम घटते, आकडी येते, मूत्रपिंडात कॅल्शिअम साचते आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. या मुलांच्या नलिकेत गळती वाढलेली नसते. हवी ती गळती त्यांच्याकडे नसते, म्हणून ती आजारी पडतात.

आतड्यातही तसेच आहे. अन्नातली ग्लुकोज पेशीत ओढून घेणाऱ्या वाहक प्रथिनाला प्रत्येक वेळी सोबत सोडिअम लागते. आतड्याच्या पोकळीत ते पुरेसे राहावे म्हणून पेशींच्या फटीतून, क्लॉडिन-२ आणि क्लॉडिन-१५ यांच्या छिद्रांतून, शरीरातले सोडिअम परत पोकळीत झिरपावे लागते. ही दोन्ही क्लॉडिने नसलेली उंदरांची पिल्ले पोटभर दूध पिऊनही कुपोषणाने मरतात, कारण आलेले अन्न शोषलेच जात नाही. पटकीत नेमकी हीच वाट घातक ठरते. पटकीच्या विषामुळे पेशी क्लोराइड आयन पोकळीत ओतत राहतात. त्यांच्या ऋण प्रभारामागे सोडिअम फटीतून खेचले जाते, त्यामागे पाणी जाते आणि काही तासांत माणूस कोरडा पडतो. पण ग्लुकोज आणि सोडिअम एकत्र आत घेणारे वाहक या आजारात शाबूत असते, म्हणून साखर-मिठाचे योग्य प्रमाणातले पाणी, म्हणजे आपली जलसंजीवनी, जीव वाचवते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवले, तेव्हा क्लॉडिन हे नावही जन्माला आले नव्हते.

मेंदूच्या केशवाहिन्यांत मात्र धोरण अगदी उलट आहे. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८८५ मध्ये लिहिले होते की प्राण्यांच्या रक्तात टोचलेले काही रंग सगळे अवयव रंगवतात, पण मेंदू कोरा राहतो. त्यांचे विद्यार्थी एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये रंग थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तेव्हा मेंदू रंगला आणि उरलेले शरीर कोरे राहिले. म्हणजे मधे काहीतरी आडवे येत होते. ते केशवाहिन्यांच्या पेशींमधले टाइट जंक्शन आहे हे १९६७ मध्ये रीस आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले. तिथले प्रमुख प्रथिन क्लॉडिन-५. ते नसलेल्या उंदरांच्या मेंदूत रक्तस्राव झाला नाही, सूजही आली नाही, पण सुमारे ८०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) लहान रेणू रक्तातून मेंदूत शिरू लागले, मोठे रेणू मात्र बाहेरच राहिले. ती पिल्ले जन्मानंतर काही तासांतच दगावली. मेंदूच्या आजारांवरची पुष्कळ औषधे मेंदूपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामागे हाच बंदोबस्त आहे, आणि क्लॉडिन-५ थोड्या वेळापुरते सैल करता येईल का यावर म्हणूनच संशोधन चालू आहे. त्वचेचे उदाहरण तितकेच टोकाचे आहे : क्लॉडिन-१ नसलेली उंदराची पिल्ले जन्मल्यानंतर एका दिवसात कातडीतून पाणी उडून गेल्याने मरतात, जरी त्यांच्या दोऱ्या दिसायला जागेवर असतात.

हे सगळे स्थिर नसते. आतड्याच्या रसांकुरांच्या टोकावरून म्हाताऱ्या पेशी सतत गळून पडतात. पेशी सुटू लागली की तिच्या शेजारणी खालून एकमेकींकडे सरकतात, जोडाची प्रथिने त्या सरकत्या कडेबरोबर खाली येतात आणि जुनी पेशी बाहेर ढकलली जाईपर्यंत नवा जोड बंद झालेला असतो. सहसा थेंबभरही गळत नाही. या हालचालीमागे ॲक्टिन आणि मायोसिन यांचा पट्टा असतो, जो आवळला की जोडावर ताण येतो. आतड्यात दाह झाला की टीएनएफसारखे संदेशरेणू हा पट्टा गरजेपेक्षा जास्त आवळायला लावतात आणि मोठ्या रेणूंनाही वाट मिळते. शिवाय क्लॉडिन-२ चे प्रमाण वाढून सोडिअम व पाण्याची गळती वाढते. दाहाच्या आजारांत होणाऱ्या जुलाबांचे हे एक कारण आहे.

इथे हल्ली सर्रास ऐकू येणाऱ्या ‘लीकी गट’बद्दल, म्हणजे गळक्या आतड्याबद्दल, स्पष्ट बोलायला हवे. आतड्याची झिरपण मोजण्याची एक जुनी पद्धत आहे. मॅनिटॉल आणि लॅक्ट्युलोज या दोन शर्करा पाण्यातून प्यायला देतात आणि नंतर काही तासांची लघवी गोळा करतात. मॅनिटॉलचा रेणू लहान असल्याने तो बऱ्यापैकी आत शिरतो, लॅक्ट्युलोजचा मोठा असल्याने फारसा शिरत नाही. लघवीत दुसऱ्याचे प्रमाण पहिल्याच्या तुलनेत वाढले तर अडसर सैल आहे असे समजतात. क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या आजाराच्या रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांवर अशी चाचणी करून पुढे अनेक वर्षे लक्ष ठेवले गेले, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्यांचे हे प्रमाण आधीच वाढलेले होते त्यांच्यात पुढे आजार होण्याची शक्यता अधिक आढळली. हा गंभीर पुरावा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करू नये. परंतु थकवा, पुरळ, सांधेदुखी, उदासी अशा प्रत्येक तक्रारीचे खापर गळक्या आतड्यावर फोडून ते ‘सील’ करण्याची पूड विकणे हे वेगळे आहे. निरोगी आतडे झिरपतेच आणि ते झिरपलेच पाहिजे. कोणत्या वाटेने, कोणत्या आकाराचा रेणू आणि किती प्रमाणात, हे न सांगता फक्त ‘गळती’ म्हणणाऱ्या दाव्याला अर्थ नाही.

रोगजंतूंनी ही प्रथिने आपल्याआधी ओळखली होती. शिजवून कोमट ठेवलेल्या मांसात वाढणारा क्लॉस्ट्रिडिअम परफ्रिंजेन्स जे विष सोडतो ते आतड्यात क्लॉडिन-३ आणि क्लॉडिन-४ यांनाच धरून पेशीच्या पटलाला भोके पाडते. हिपॅटायटिस-सी विषाणू यकृताच्या पेशीत शिरताना क्लॉडिन-१ आणि ऑक्ल्युडिन या दोघांचाही आधार घेतो.

आता वैद्यकशास्त्रही त्यांचा उपयोग करू लागले आहे. क्लॉडिन-१८.२ हा प्रकार सामान्यतः फक्त जठराच्या अस्तरात असतो, आणि तिथे तो शेजारच्या पेशींच्या जोडात दडलेला असल्याने रक्तातून येणाऱ्या प्रतिपिंडांना सहजी सापडत नाही. जठराच्या कर्करोगात पेशींची मांडणी विस्कटते, जोड सुटतात आणि हे प्रथिन पेशीच्या उघड्या पृष्ठभागावर येते. झोल्बेटुक्सिमॅब हे प्रतिपिंड त्यालाच चिकटते आणि रोगप्रतिकारक पेशींना त्या पेशीकडे बोलावते. २०२४ मध्ये जपान आणि अमेरिकेत, ज्यांच्या गाठीत हे प्रथिन भरपूर आढळते अशा जठराच्या प्रगत कर्करोगाच्या रुग्णांसाठी, केमोथेरपीच्या जोडीने त्याला मान्यता मिळाली. मळमळ आणि उलट्या हे त्याचे सर्वांत नेहमीचे दुष्परिणाम आहेत, आणि त्यामागचे एक कारण असे की जठराच्या निरोगी पेशींवरही तेच क्लॉडिन असते आणि औषध थोड्याफार प्रमाणात तिथेही पोहोचते.